पाचवी पाकळी

जन्मभर पुस्तकं लावलेल्या माणसाला आठ कुंड्या लावणं म्हणजे डाव्या हातचा खेळ, असं निवृत्त ग्रंथपालांनी सांगितलं, तेव्हाच बायकोनं गच्चीला कुलूप घालायला हवं होतं. पण ती घाईत होती. दुपारी झाडांचं प्रदर्शन. दरवर्षी पहिला नंबर शेजारीण पळवायची आणि या खेपेला हिच्या गुबगुबीत पानांच्या झाडांना फुलं नुसती लगडली होती.

"अहो, फक्त नावाच्या चिठ्ठ्या लिहून लावा. झाडांना हात लावू नका," असं बजावून ती केस धुवायला गेली.

ग्रंथपालांनी पुस्तक उघडलं. पानफुटीचं कुळ. जाड पानांत पाणी साठवतात, गळलेल्या पानालाही रोप फुटतं, पाकळ्या बहुधा पाच. 'बहुधा'कडे त्यांनी काणाडोळा केला. सात कुंड्यांतल्या फुलांनी पाच पाकळ्यांची शिस्त पाळली होती. आठवीतल्या लालभडक फुलांना मात्र चारच!

पान गहाळ झालेलं पुस्तक त्यांनी उभ्या जन्मात कपाटात ठेवलं नव्हतं. त्यांनी डिंकाची बाटली आणली, सात कुंड्यांतली फुलं उकलली आणि त्यातली एकेक पाकळी आठवीतल्या प्रत्येक फुलाला चिकटवली. काम इतकं सफाईदार झालं की त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

बाई केस पुसत बाहेर आल्या, तोवर टेम्पो कुंड्या घेऊन निघालाही होता.

प्रदर्शनात बाईंनी सात बोडकी झाडं पाहिली.

"अहो, माझी फुलं?"

"कामी आली," ग्रंथपाल समाधानानं म्हणाले.

तेवढ्यात परीक्षकबाई भिंग घेऊन आठव्या कुंडीवर वाकल्या. "कमाल आहे. या झाडाला नेहमी चारच पाकळ्या असतात. पाचवी कुठून आली?"

बाईंच्या जिवात जीव आला. परीक्षकबाई आणखी वाकल्या. उठल्या तेव्हा पाचवी पाकळी त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर होती.

शेजारीण खोकली. पहिला नंबर तिकडे गेला, हे कुणी सांगायची गरज उरली नाही.

परीक्षकबाई भल्या होत्या. नाक पुसत म्हणाल्या, "चिठ्ठ्या मात्र फार सुरेख आहेत हो."

"न्या ना," बाई म्हणाल्या. "चिठ्ठ्याही न्या आणि लिहिणाराही न्या."

परीक्षकबाईंनी ग्रंथपालांना आपादमस्तक न्याहाळलं आणि फक्त चिठ्ठ्या नेल्या.