हाताजोगा दोर

बिराजदार बाई पहिल्या भेटीत नमस्कार करत नाहीत. त्या हात पुढे करतात, तुमचा पंजा आपल्या मुठीत घेतात, अंगठ्यानं तळवा दाबून बघतात आणि एक आकडा सांगतात.

मला त्यांनी "दहा" सांगितलं होतं. आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या दिवसाची गोष्ट. टेम्पोतून कपाट उतरत होतं, मी घामाघूम झालो होतो, आणि ही उंच, पांढऱ्या केसांची, पंजाबी ड्रेसवर बुटांचा जोड घातलेली बाई माझा हात धरून उभी होती.

"दहा," त्या म्हणाल्या. "पण घाम लई येतोय. दहा लिहा आन् अकरा घ्या."

"दहा काय?"

"मिलिमीटर. दोर हो! झाडाला लटकायची वेळ आली तर तुमच्या हाताला कुटला दोर बसंल, ते सांगितलं."

अशी वेळ माझ्यावर का यावी, हे विचारण्याआधीच त्या बायकोचा हात तपासायला घरात गेल्या होत्या. बायको साडेनऊ निघाली. तिला आजही त्या अर्ध्याचा अभिमान आहे.

सोलापुरात विजापूर रोडच्या मागच्या अंगाला आमची ही कॉलनी. बाईंची सगळी नोकरी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवण्यात गेली. मूळ गाव अक्कलकोटकडचं, त्यामुळं मराठीच्या मधेमधे कानडी डोकावतं. धक्का बसला की "अय्यो शिवने!" आणि वर्गात उशिरा येणाऱ्या मुलीला बोलवावं तसं सगळ्यांना "बर्री, बर्री." निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, योगासनं करतात. बाई झाडावर जायला लागल्या.

त्याचं असं झालं, की त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्यानं काहीतरी वेगळी भेट म्हणून एक खोकं पाठवलं. आत जाड पट्ट्यांचं एक आसन होतं. तिकडचे शिकारी म्हणे ते कमरेला बांधतात, झाडाच्या बुंध्याला दोर आवळतात, त्या दोराला स्वतःला अडकवतात आणि हरणाची वाट बघत तासन् तास झाडाला लटकून राहतात. बाईंनी त्याचं नाव ठेवलं खोगीर. "घोड्याऐवजी मानसाला लावायचं, बाकी काय फरक न्हाय."

मग त्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ सुरू झाले. रोज दुपारी भिंतीपलीकडून इंग्रजी बडबड ऐकू यायची आणि तिच्यावर बाईंचा आवाज. "अरे गाढवा! हातमोजं घालून आठाची परीक्षा घेतोस व्हय? मोजं काढ की!" त्या शिकाऱ्यांत दोराच्या जाडीवरून वाद असतात, हे मला बाईंमुळं कळलं. आठ मिलिमीटरवाले म्हणतात दोर हलका, खिशात मावतो. अकरावाले म्हणतात हाताला सुख. बाईंनी दोन्ही पक्षांना नापास केलं होतं.

"सर, आठाचा दोर म्हैस बी उचलंल," त्या मला समजावत. "दोर कदी तुटत न्हाय. हात सुटतो. म्हणून आदी हात बघायचा, मग दोर."

हे सगळं त्या कॉलनीतल्या कडुनिंबावर लटकून सांगायच्या. मी कॉलेजच्या ऑफिसातून परत यायचो तेव्हा बाई डोक्यावर दहा-बारा फुटांवर, दोन्ही पाय बुंध्याला टेकवून, आरामखुर्चीत बसावं तशा मागं रेललेल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा फळ्यावर सूचना लावली, 'आवारातील झाडांवर बसू नये.' बाईंनी वरूनच ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाल्या, "मी कुटं बसलेय? मी लटकलेय." सेक्रेटरींनी सूचना पुन्हा एकदा वाचून पाहिली. मग सूचना काढून घेऊन गेले.

त्यांचं घर म्हणजे दोरांचं प्रदर्शन. कपडे वाळत घालायला नऊचा, पिशवीचे बंद आठाचे, झोपाळा बाराच्या दोरावर. चहाबरोबर बिस्किटाच्या बशीत दोराचा तुकडा येतो. चहा पिता पिता तो मुठीत आवळायचा असतो. कॉलनीतल्या डॉक्टरांचा हात दाबून त्या म्हणाल्या होत्या, "आठ. हुशार मानूस हाय, पण धरून ठेवायची सवय न्हाय." डॉक्टरांच्या बायकोला हे फार पटलं.

मला आधी हसू यायचं. मग एक दिवस त्यांनी मला गाठ दाखवली. मोठ्या दोरावर बारीक दोरीचे वेढे देऊन बांधलेली. हातानं ढकलली तर गाठ लोण्यासारखी सरकते. वजन आलं की अशी चावून बसते, की जागची हलत नाही. "बारीक दोरी मोठ्या दोरापेक्षा बारीकच पायजे," बाई म्हणाल्या. "दोगं सारकं झालं की गाठ धरत न्हाय." त्या गाठीला त्यांनी ज्वारीचं पोतं टांगलं आणि मला म्हणाल्या, "वडा." मी लोंबकळलो. गाठ तसूभर सरकली नाही. तेव्हापासून मी हसणं बंद केलं.

बाईंच्या यजमानांना सगळे अण्णा म्हणतात. सूतगिरणीत स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले, बारीक, हळू बोलणारे. ते बाराच्या दोराच्या झोपाळ्यावर बसून असत आणि बाईंचा सगळा गोंधळ बघून मिशीत हसत. तरुणपणी सुट्टीच्या दिवशी सायकल काढून माळावर लांडगे बघायला जायचे. बाभळीआड पोटावर पडून राहायचे आणि संध्याकाळी कपड्यांना गोखरू चिकटवून परत यायचे. कॉलनीत जुन्या लोकांत त्यांचं नावच 'लांडगेवाले'. मी राहायला आलो तोवर त्यांना कंपवात झाला होता. उजवा हात मांडीवर सारखा हलत असायचा, चालताना पाय मधेच जमिनीला चिकटायचे.

एका दुपारी मी भांडं परत द्यायला गेलो. दार उघडंच होतं. बाई झोपाळ्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या आणि अण्णांच्या थरथरत्या तळव्यावर दोराचा तुकडा ठेवत होत्या.

"धरा."

अण्णांनी धरला. बाईंनी हळूच ओढला. दोर निसटला.

"हा आठाचा. ऱ्हाऊ द्या. हा धरा."

तोही निसटला. मी दारातच उभा राहिलो. पुढचा, त्याच्या पुढचा. शेवटी सर्वांत जाड तेराचा दिला. मला वाटलं आता जमेल, जाड दोर म्हणजे सोपा. पण अण्णांची बोटं त्याच्याभोवती पुरती मिटलीच नाहीत.

"अय्यो," बाई पुटपुटल्या. "बारीक म्हटलं तर घसरतो, जाड म्हटलं तर मूठ वळंना."

त्यांनी वर पाहिलं, मला पाहिलं आणि दचकल्या नाहीत. "बरं झालं आलात. बर्री, बर्री. तुमचं वजन किती? ह्यांच्याएवडंच दिसतंय."

अण्णांना एकदा पुन्हा लांडगे बघायचे होते. माळ तुडवणं आता शक्य नव्हतं. पण बोरामणीच्या पुढं बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं, शोभाचं, शेत होतं. बांधावर चिंचेचं मोठं झाड. तिथवर गाडी जात होती, आणि ओढ्यापलीकडं लांडग्यांनी पिलं घातली होती. खालून मात्र काही दिसत नव्हतं, मधे बाभळींची गर्दी. वरच्या फांदीपाशी गेलं तरच दिसणार. वर्षभर चाललेली ही सगळी शाळा त्या एका झाडासाठी होती.

"दोर बांधून वर ओढून घेऊ की," मी म्हणालो. "कप्पी लावली की झालं."

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी पुन्हा सहावीत गेलो. "पोतं हाय का ते? सोत्ता चडणार हायेत. आपण फकस्त पडू द्यायचं न्हाय."

डॉक्टर नको म्हणाले होते. पडतील, म्हणाले. "मी म्हटलं, घरात बी पडतातच की. तितं निदान दोर असंल," बाई म्हणाल्या.

पुढचे काही दिवस कडुनिंबावर मी लटकलो. बाईंनी माझ्या दोन्ही हातांवर लोकरीचे मोजे चढवले, एकावर एक. "आता हे हात अण्णांचे. चडा." मोजे घातलेल्या हातांनी नऊचा दोर धरून बघा एकदा. साबणाच्या वडीला लटकल्यासारखं वाटतं. सेक्रेटरी भाजी घेऊन खालून गेले, वर पाहिलं आणि पावलं न थांबवता म्हणाले, "तुम्हीपण?" नऊ गेला, दहा गेला, बारा अवघडला. अकराचा एक दोर मात्र वेगळा होता. त्याचं वरचं विणकाम जरा खरबरीत होतं, हाताला धरून राहायचा. त्याच संध्याकाळी बाईंनी तो अण्णांच्या मुठीत दिला आणि ओढला. झोपाळा पुढं आला, अण्णा पुढं आले, दोर काही सुटला नाही.

बाई उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ नळ वाहत होता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी आम्ही माझ्या गाडीतून निघालो. शोभा बांधावर वाट बघत होती. चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, पण बाई गाडीतून उतरताच ती सावधानमध्ये उभी राहिली. "येस बाई! शिडी हितं लावू का?"

शिडी बुंध्याला आवळून बांधली. अण्णांना खोगीर चढवलं; बाईंनी स्वतःला दुसरं बांधलं, त्याच्यावरून शिवून घेतलेलं. बाई आधी वर गेल्या, अकराचा दोर वरच्या जाड फांदीला बांधला, त्याच्यावर ती सरकती गाठ, आणि गाठीला अण्णांचं खोगीर. अण्णा एक पायरी चढले की बाई वरून एका दोरीनं गाठ तेवढीच वर ओढून घेणार. मी आणि शोभा खाली, हात वर करून, झेलायला म्हणून. खरं तर आम्ही काय झेलणार होतो कोण जाणे.

अण्णा चढू लागले. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. दोर धरलेली मूठ पांढरी पडली होती, पण धरून होती. निम्म्यावर आल्यावर त्यांचे पाय गोठले. घरात उंबऱ्यावर गोठायचे तसेच. मग सबंध अंग थरथरायला लागलं, उजवा हात आपोआप उघडला आणि ते मागं झुकले.

शोभा किंचाळली. गाठ करकचून आवळली गेली आणि अण्णा शिडीपासून हातभर लांब, हवेत, जसेच्या तसे थांबले.

बाई ओरडल्या नाहीत. फांदीवरून वाकून, शाळेच्या मैदानावर कवायतीला म्हणतात तशा, पण अगदी हळू आवाजात त्या म्हणू लागल्या, "एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार." अण्णांचे ओठ हलायला लागले. चौथ्या की पाचव्या खेपेला 'एक'वर त्यांचा पाय उचलला गेला आणि पायरीवर टेकला. 'दोन'वर हात दोरावर आला. त्या तालावर तो माणूस, ज्याला आम्ही अंगणात हात धरून चालवायचो, चिंचेच्या झाडावर चढून गेला. आजवर मी बऱ्याच थोर गोष्टी ऐकल्या आहेत. डोळ्यांनी पाहिलेली ही एकच.

बुंध्याच्या एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला बाई, दोघं खोगिरात लटकलेले. खाली मी आणि शोभा शिडीला टेकून बसलो. ऊन कललं. आम्हाला बाभळींखेरीज काही दिसत नव्हतं. मग वरून अण्णांचा आवाज आला. इतका भरलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"आली. मादी आली बघ. मागनं पिल्लं. अगं, एक लंगडतंय... न्हाय न्हाय, खेळतंय गं!"

ते बोलत राहिले. कोण कुणाच्या अंगावर पडलं, कुणी कुणाची शेपटी धरली. वर्षभराचं बोलणं त्या एका संध्याकाळी झालं असेल. बाई फक्त "व्हय का?" "बरं!" म्हणत होत्या.

परतताना दोघं मागच्या सीटवर होते. हायवेला लागेपर्यंत अण्णांना झोप लागली. त्यांचं डोकं बाईंच्या खांद्यावर आलं.

"तुम्हाला कशी वाटली पिलं?" मी आरशात बघत विचारलं.

"मी कुटं बगितली?" बाई हळूच म्हणाल्या. "डोळं मिटूनच होते मी. मला उंचीची लई भीती वाटते, सर. लहानपणापासनं. माडीच्या कठड्याला बी जात न्हाय मी."

वर्षभराचा तो कडुनिंब माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

"ह्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "आन् जरा हळू घ्या की. पुढं खड्डे हायेत."

मी हळू घेतली. मागचे ट्रक हॉर्न वाजवून पुढं जात राहिले. कॉलनीत येऊन गाडी थांबवली तेव्हा दिवे लागले होते. अण्णा अजून झोपेतच होते. बाई उतरल्या नाहीत, हलल्याही नाहीत. मी इंजिन बंद केलं आणि बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं मी म्हणालो, "बाई, खांदा अवघडला असेल. हाताला मुंग्या आल्या असतील."

"येऊ द्यात की," त्या म्हणाल्या.