दाबायचा खटका

दप्तरखान्यातील मुख्य लेखनिकांनी एका रविवारी बायकोच्या सायकलची काळजी घेण्याचे ठरवले. काळजी हा सद्गुण खरा. पण न मागता घेतली की तिलाच लुडबूड म्हणतात, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. (बायकोने शिकवले होते. ते शिक्षण ते धरत नसत.)

महिन्यापूर्वी त्यांनी नवी सायकल घेतली होती. तिच्या चाकाला थ्रू-अ‍ॅक्सल होता. म्हणजे करंगळीएवढी जाड दांडी. ती चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन्ही बंद भोकांतून आरपार जाते आणि आट्यांनी कसली जाते. बायकोच्या जुन्या सायकलला क्विक-रिलीज. म्हणजे चिमट्याच्या उघड्या खाचेत बसणारी पेन्सिलीहून बारीक सळई आणि टोकाला खटका. खटका उघडला की चाक हातात. तेव्हापासून लेखनिकांनी मनुष्यजातीची दोन भागांत वाटणी केली होती, आणि एका भागाची त्यांना कीव येई. दप्तरखान्यात फाइल मागायला आलेला माणूस अ‍ॅक्सल समजून घेऊन परत जाई. फाइल त्याला दुसऱ्या दिवशी मिळे.

"अगं, हे बघ!" ते अंगणातून ओरडले. "एका बोटानं चाक निघालं! हा खटका नाही, यमाच्या दाराची कडी आहे."

बायको इस्पितळात परिचारिका होती. मुख्य परिचारिकेची जागा अकरा वर्षांनी रिकामी झाली होती आणि तिची निवड-परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होती. वहीतून डोके न काढता ती म्हणाली, "नऊ वर्षं तीच कडी लावतेय. यमाला अजून पत्ता सापडला नाही. चाक होतं तसं बसवा, आणि उद्यापर्यंत कशाला हात लावू नका."

"बसवतो. तुझ्यापेक्षा घट्ट बसवतो."

बसवले. आता, तो खटका शेवटी आडवा दाबून मिटायचा असतो. मिटला की त्याच्या पोटातला फुगवटा चाकाला आवळतो. थ्रू-अ‍ॅक्सलच्या या भक्ताने तो नळाच्या तोटीसारखा गरगर फिरवला, आणि फिरेनासा झाला तेव्हा देवाचे नाव घेऊन हात धुतले. (अर्धे काम करून उरलेले देवावर टाकणे याला श्रद्धा म्हणत नाहीत.)

सकाळी बायकोने निघण्यापूर्वी सायकलचे पुढचे टोक उचलले आणि चाकावर तळहाताने थापटी मारली.

"अहो, हे हलतंय."

"हलणारच! जातच तसली. तू माझी सायकल ने. ही मी नेतो."

"दोन सेकंदांचं काम आहे, मी नीट करते..."

"मला शिकवू नकोस. परीक्षा तुझी आहे, माझी नाही!"

तिने घड्याळाकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, आणि दोघांतले जे वेळेवर चालत होते त्याचे ऐकून नवी सायकल घेऊन गेली.

लेखनिक पाऊण तासाने निघाले. सपाट रस्ता होता तोवर चाक अंगच्या भाराने जागेवर राहिले. दप्तरखान्याच्या वाटेवर इस्पितळाच्या फाटकासमोर गतिरोधक आला. अहंकाराला शासन करण्यासाठी परमेश्वर दर वेळी वज्र उचलत नाही. कधी वीतभर उंचीचा गतिरोधकही पुरतो. सायकलचे नाक उडाले, चाक सरळ फाटकातून आत गेले, आणि पाठोपाठ हनुवटीवर घसरत लेखनिक.

पहारेकऱ्याने आधी चाक उचलले, मग त्यांना. खटका पाहून तो हळहळला. "साहेब, हा फिरवून सोडायचा नसतो, दाबायचा असतो. माझ्या नातीलाही येतं."

"रचनाच सदोष आहे," लेखनिक रक्त पुसत म्हणाले.

आत परीक्षक मंडळ प्रात्यक्षिकासाठी रुग्णाच्या शोधात होते. हनुवटी फुटलेली, गुडघा सोललेला, शुद्ध पूर्ण : असा रुग्ण चालून आला म्हणून मोठ्या डॉक्टरांना आनंदच झाला.

पहिल्या उमेदवाराने हनुवटीला कापूस लावताच रुग्ण म्हणाला, "बंद भोक आणि उघडी खाच यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे?" तिला नव्हता. तो कळेपर्यंत तिची वेळ संपली. दुसरीने पट्टी बांधायला घेतली. पण हनुवटी एकसारखी हलत होती आणि पट्टी शेवटी कानावर बसली.

तिसरी आली. तिने रुग्णाकडे पाहिले. रुग्णाने तिच्याकडे पाहिले आणि जन्मात प्रथमच विषय बदलावा असे त्याला वाटले. पण सवय मोठी असते.

"अगं, मी म्हणत नव्हतो? क्विक-रिलीज..."

तिने उघड्या तोंडात थर्मामीटर ठेवले.

"पाच मिनिटं. बोललात तर पुन्हा पहिल्यापासून."

हनुवटी हलायची थांबली. तिने जखम धुतली, हनुवटी बांधली, गुडघा बांधला, आणि प्रत्येक गाठ बोटाने ओढून पाहिली. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर सही केली.

"मुख्य परिचारिका, अभिनंदन. अशा रुग्णाचा अनुभव आहे वाटतं तुम्हाला?"

"चौदा वर्षांचा, साहेब."

पाच मिनिटे झाली. तिने थर्मामीटर काढून उजेडात धरले. "ताप नाही." लेखनिकांनी खुलासा करण्यासाठी श्वास घेतला.

"असू दे," मोठे डॉक्टर घाईने म्हणाले. "परत ठेवा."