तपासणीचा चहा

माझ्या आईमुळे एका रिसॉर्टचा पाचवा तारा वाचला. ही बातमी वाचलीत, आता विसरा. असं काही घडलेलं नाही. आम्ही चार दिवस आरामात राहिलो आणि कोणी विचारलंच तर हवा छान होती.

तर, जे घडलं नाही ते असं.

आई चौतीस वर्षं इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त झाली तेव्हा सहकाऱ्यांनी तिला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, म्हणजे आयुष्यभर जे बघून ती पळाली तेच. ते घेऊन घरी आली आणि म्हणाली, "मला काही नको. चार दिवस कोणीतरी बसल्या जागी चहा आणून द्यावा, बस."

मी छातीठोकपणे जाहीर केलं की सगळं माझ्याकडे लागलं, चार दिवस आईने बोटसुद्धा हलवायचं नाही. ताई म्हणाली, "मागे याच्याकडे फक्त केक आणायचं काम होतं." त्या केकचा विषय इथे अप्रस्तुत आहे.

मी शास्त्रशुद्ध संशोधन केलं. म्हणजे पाच तारे दिसले आणि थांबलो. माझ्या समजुतीप्रमाणे तीन तारे म्हणजे गादी, चार म्हणजे इस्त्रीची चादर आणि पाच म्हणजे झोपेत कूस बदलायलाही माणूस येतो.

रिसॉर्टच्या दारावर पाच पितळी तारे होते. पाचवा एकाच खिळ्यावर लटकत होता, राजीनामा खिशात असल्यासारखा. मॅनेजर हात जोडून म्हणाला की उद्या दुपारी ताऱ्यांची तपासणी आहे, तीन वर्षांतून एकदाच असते, तेवढं जरा सहकार्य करा.

सहकार्य म्हणजे पोहण्याच्या तलावात उतरायचं नाही, उतरलं की पाणी गढूळ होतं. पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवलेत, ते मोडायचे नाहीत. अंग कशाने पुसायचं, असं मी विचारलं, तर म्हणाला, घरून आणला असेलच की. इमारत एकमजली होती, तरी तिला लिफ्ट होती.

"ही जाते कुठे?" ताईने विचारलं.

"जात नाही, मॅडम. आहे."

बाथरूममध्ये फोनसुद्धा होता. मी आईच्या चहासाठी तो लावला, तर शेजारच्या बाथरूममध्ये वाजला. तिथल्या गृहस्थांनाही चहाच हवा होता, कालपासून. तुम्हाला मिळाला तर कळवा, म्हणाले. शेवटी मी स्वतः जाऊन चौकशी केली. आचारी आदल्या दिवशीच भांडून निघून गेला होता आणि तो परत येईल या आशेवर स्वयंपाकघर चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई व्हरांड्यात खुर्चीवर बसली. ओलीस धरलेला माणूस बसतो तशी. समोरच्या खोलीत एक बाई चादर घालत होत्या आणि चादरीचा कोपरा लोंबत होता. आईने चार मिनिटं सहन केलं. दहा वाजेपर्यंत चौदा खोल्यांच्या चादरी पुन्हा घातल्या गेल्या होत्या आणि रिसॉर्टचे सगळे अकरा कर्मचारी ओळीत उभे राहून तिला नखं दाखवत होते.

मी तिला कराराची आठवण करून दिली. बोट हलवायचं नाही असं ठरलं होतं.

"मी कुठे हलवतेय? नुसतं दाखवतेय," आई म्हणाली.

दुपारी तपासनीस आले. हातात दोनशे चाळीस प्रश्नांचा फॉर्म, गळ्यात स्टॉपवॉच. तलाव आहे का? आहे. बरोबरची खूण. हंस आहेत का? मोजले, बरोबर. लिफ्ट? आहे. ती कुठे जाते हे त्यांनी विचारलं नाही. मग त्यांनी एक खोली निवडली. आमची.

"या खोलीत चहा मागवा. वीस मिनिटांत आला नाही तर पाचवा तारा काढावा लागेल." आणि त्यांनी स्टॉपवॉचचं बटण दाबलं.

मॅनेजर हंसापेक्षा पांढरा पडला. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, थेट आईकडे बघितलं आणि पडेल आवाजात म्हणाला, "मावशी."

तपासनीस फॉर्ममध्ये डोकं खुपसून होते, तेवढ्यात मी मध्ये उभा राहिलो. हळूच म्हटलं, ती पाहुणी आहे, आणि तिला इथे चहा मिळायचाय, करायचा नाहीये.

"तारा गेला तर या अकरा जणांना कोण ठेवणार?" आई म्हणाली. "सरक."

ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेली. पुढचा सगळा वेळ मी तपासनीसांना हवेविषयी माहिती दिली. अठराव्या मिनिटाला आई मागच्याच दाराने धापा टाकत आली आणि खुर्चीत बसली. एकोणिसाव्या मिनिटाला मॅनेजर पुढच्या दाराने ट्रे घेऊन आला, वाकला आणि तिचाच चहा तिच्यापुढे ठेवला.

आईने घोट घेतला आणि तोंड जरा वाकडं केलं. "साखर जास्त झालीय."

"चवीचा रकाना नाही," तपासनीस म्हणाले. "फक्त पाहुण्यांचं मत आणि सही. सेवा कशी वाटली?"

आईने कपाकडे बघितलं, मग दाराआडून डोकावणाऱ्या अकरा तोंडांकडे.

"चहा बसल्या जागी मिळाला," ती म्हणाली आणि सही केली. शब्द न् शब्द खरा.

उरलेले दोन दिवस तिने स्वयंपाकघराची घडी बसवली. मी आणि ताईने भांडी पुसली, घरून आणलेल्या टॉवेलने. तीन वर्षांनी पुन्हा तपासणी आहे. आईला आग्रहाचं बोलावणं आहे. मला नाही.

म्हणून हा अर्ज.

प्रति,
माननीय अध्यक्ष, तारे वाटप व तपासणी समिती, यांस,

महोदय, आपल्या फॉर्ममध्ये 'चहा कोणी केला?' हा दोनशे एक्केचाळिसावा प्रश्न समाविष्ट करण्यात यावा. तो होईपर्यंत सदर रिसॉर्टच्या दारावरील पाचवा (तिरका) तारा आमच्या मातोश्रींच्या नावे वर्ग करून घरपोच पाठवावा. तारा आणणाऱ्या कर्मचाऱ्याने येताना कपभर चहा सोबत आणावा, ही नम्र विनंती.

साखर कमी.