खळदकरांच्या घरचं लोडशेडिंग

सुधाकर खळदकरांच्या घरात आजही लोडशेडिंग होतं. सगळ्या सोसायटीत वीज असताना होतं, पूर्वसूचना देऊन होतं, आणि ठरलेल्या मिनिटाला सुरू होतं. पंखा, दिवे, फ्रिज यांना ते लागू नाही. ते फक्त लॅपटॉपला आहे.

दिवाणखान्याच्या भिंतीवर वेळापत्रक लावलेलं असतं. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यावर असं होतं : सकाळी ९ ते ११, हार्ड डिस्क. ११ ते १, कॅमेरा. १ ते २, प्रिंटर (मागणी असल्यास). खाली एक ओळ : ग्राहकांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. घरात ग्राहक एकच होता, त्यांच्या पत्नी कुमुदताई.

खळदकर वीज खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांची माझी ओळख त्याआधीची. मी तेव्हा एका दैनिकात होतो आणि शहरात कुठे, किती वाजता वीज जाणार याची यादी ते मला फोनवर सांगत. एकदा मार्केट यार्ड परिसराची वेळ आमच्याकडून तीन ते पाचऐवजी तीन ते सहा अशी छापली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन आला.

"तुम्ही माझ्या ग्राहकांना एक तास जास्त अंधारात ठेवलंत."

"पण साहेब, वीज पाचलाच आली ना?"

"आली. सहापर्यंत कुणी बटण दाबून बघितलं नाही, त्याचं काय?"

पुढे ते माझ्याच इमारतीत, बरोबर खालच्या मजल्यावर राहायला आले. त्या चुकीचा उल्लेख ते अजूनही वर्षातून दोनदा करतात.

"आधी भार सांगा," हे त्यांचं आवडतं वाक्य. लिफ्टमध्ये कुणी शिरू लागलं की ते आतून विचारतात, आधी भार सांगा. गणपतीच्या मांडवात मुलं दिव्यांच्या माळा लावू लागली की खाली येऊन विचारतात, आधी भार सांगा. मी एकदा त्यांना संध्याकाळी घरी भजी खायला बोलावलं. त्यांनी विचारलं, "एकूण माणसं किती?" मी पाच म्हणालो. "आणि कढया?"

कुमुदताई मुलींच्या शाळेत गणित शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी रहस्यकथा वाचायला घेतल्या आणि वाचनालयातलं एक कपाट संपवलं. मग डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. समोरच्या माणसाचा चेहरा कसाबसा कळायचा, पण छापील अक्षर दिसेना. तेव्हापासून रोज दुपारी खळदकर त्यांना पुस्तक वाचून दाखवू लागले.

ते वाचन मी वरच्या गॅलरीतून ऐकलेलं आहे. खळदकर रहस्यकथा परिपत्रकासारखी वाचतात. पान क्रमांकापासून सुरुवात करतात. प्रश्नचिन्ह आलं तर "प्रश्नचिन्ह" म्हणतात. प्रेमाचा प्रसंग आला की थांबतात.

"इथे विशेष काही नाही."

"अहो, विशेष नाही म्हणजे काय झालं?"

"दोघं तळ्यावर गेले. परत आले."

"आणि मधे?"

"मधे अर्धं पान आहे."

खुनाच्या वेळी बंगल्यातली वीज जाते अशा कथा त्यांना मान्यच नाहीत. एकदा ऐन खुनात पुस्तक मिटून ते म्हणाले, "शेजारच्या बंगल्यात दिवे चालू आणि याच्याकडे अंधार. म्हणजे फ्यूज गेला. आधी फ्यूज बघायचा सोडून हा माणूस किंचाळतोय कशाला?"

कुमुदताईंनी हे दीड वर्ष ऐकलं. मग मुलीने बंगळुरूहून एक लॅपटॉप, मोठा पडदा आणि पुस्तकाच्या पानावर रोखायचा कॅमेरा पाठवला. कॅमेऱ्याखाली पान ठेवलं की पडद्यावर एकेक अक्षर पेरूएवढं दिसतं. कुमुदताईंनी पहिल्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी एक परिच्छेद वाचला आणि मला खाली बोलावून पुन्हा वाचून दाखवला. "आता एक अख्खं पुस्तक मी एकटीने संपवणार," त्या म्हणाल्या. "मधलं अर्धं पान धरून."

अडचण एकच होती. लॅपटॉप इतका बारीक की त्याला पोर्ट दोनच. एकात पडद्याची केबल कायमची गेली. उरलेल्या एका पोर्टसाठी उमेदवार पाच : कॅमेरा, पानावर उजेड पाडणारा छोटा दिवा, अक्षर लहानमोठं करायचा माउस, प्रिंटर, आणि खळदकरांची हार्ड डिस्क. या डिस्कमध्ये त्यांनी नोकरीत असताना काढलेले ट्रान्सफॉर्मरचे फोटो आहेत. ते रोज सकाळी पाहतात.

कॅमेरा लावला तर दिवा नाही. दिवा लावला तर कॅमेरा नाही. उपाय सोपा होता : एका पोर्टचे चार किंवा सात करणारा हब. दुसरा कुणी असता तर संध्याकाळी घेऊन आला असता. खळदकरांनी वेळापत्रक लावलं आणि अर्ज मागवले.

प्रत्येक वस्तूसाठी नवीन जोडणीचा एक अर्ज. अर्जदाराच्या वतीने ते निळ्या शाईत भरत, आणि अधिकारी म्हणून लाल शाईत तपासत. कॅमेरा पाचशे मिलिअँपिअर, मंजूर. माउस शंभर, मंजूर. हार्ड डिस्क आठशे, मोठा ग्राहक, मंजूर. प्रिंटरला स्वतःची वायर असल्यामुळे "भार नगण्य, फक्त निरोप स्वीकारतो" असा शेरा. दिव्यावर भार छापलेलाच नव्हता. तो अर्ज त्रुटी काढून परत गेला.

"माझ्या दिव्याचा अर्ज कुठे अडकलाय?" कुमुदताईंनी माझ्यासमोर विचारलं.

"टेबलावर आहे."

"कुणाच्या?"

"माझ्याच. पण अर्जदाराने माहिती दिलेली नाही."

"अर्जदार कोण?"

"तोही मीच. पण त्या खुर्चीत नाही."

पंधरा दिवसांनी मोजणी करून दिव्याचे तीनशे मंजूर झाले, आणि चार पोर्टचा पहिला हब आला. कॅमेरा, दिवा, माउस लावले. बेरीज नऊशे. लॅपटॉपचा पोर्ट देऊ शकत होता तेही नऊशेच. कुमुदताई वाचायला बसल्या. खुनी कोण हे ज्या पानावर होतं, त्या पानावर त्या पोहोचल्या आणि खळदकरांनी चौथ्या पोर्टात हार्ड डिस्क लावली. पडदा काळा झाला.

"ओव्हरलोड," खळदकर समाधानाने म्हणाले.

"खुनी कोण ते सांगा आधी."

"हब."

कुमुदताईंचं म्हणणं, हार्ड डिस्क लावू नका. खळदकरांचं म्हणणं, मंजूर ग्राहकाला जोडणी नाकारता येत नाही. पहिला हब बाद झाला, वेळापत्रक पुन्हा भिंतीवर आलं, आणि दुसऱ्याचा शोध सुरू झाला.

तो सात महिने चालला. मुलीने इंटरनेटवरचे हब सुचवले. खळदकरांनी त्यांवरचे अभिप्राय वाचून काढले. "पाच तारे दिलेत म्हणतात. मीटर लावून दिले का?" एकाने लिहिलं होतं, छान आहे, रंग सुंदर. त्याला खळदकरांनी उत्तर टाकलं : आधी भार सांगा. कुणाचंही उत्तर आलं नाही. या सात महिन्यांत कॅमेरा दिवसातले दोन तास चाले, तोही दिव्याशिवाय, आणि पुसट दिसणारं पान अर्ध्यावर सोडून कुमुदताई पुन्हा खळदकरांच्या हाती पुस्तक देत. शेवटी त्या मला म्हणाल्या, "तुम्ही यांना बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात घेऊन जा. रिकाम्या हाताने आणू नका."

तिथल्या तपकीर गल्लीत आम्ही चौथ्या दुकानात होतो. दुकानदार तरुण नव्हता आणि घाईतही नव्हता.

"हब पाहिजे," खळदकर म्हणाले.

"किती पोर्टचा?"

"पोर्ट नंतर. एका वेळी सगळे लावले तर करंट किती देतो?"

"खोक्यावर लिहिलंय."

"ते खोक्याचं झालं. आतल्या वस्तूचं सांगा."

दुकानदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, तुम्हाला हब पाहिजे का सबस्टेशन?"

"सबस्टेशन मी चालवलंय. हब पहिल्यांदा घेतोय."

"पहिल्यांदा?" मी म्हणालो.

"टिकणारा पहिल्यांदा."

दुकानदाराने मागच्या फळीवरून एक काढला. सात पोर्ट, आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचा स्वतःचा अडॅप्टर. लॅपटॉपवर ओझंच नाही. खळदकरांनी अडॅप्टर हातात घेऊन चष्मा कपाळावर चढवला आणि बारीक अक्षर वाचलं. चार अँपिअर. म्हणजे चार हजार मिलिअँपिअर. घरची मागणी सतराशे.

"स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर," ते हळूच म्हणाले. पण घेऊ म्हणाले नाहीत. अडॅप्टर उलटासुलटा करत राहिले. पाच मिनिटं गेली.

"यात काय कमी आहे, साहेब?" मी विचारलं.

"काही नाही. हाच बरोबर आहे." आवाजात आनंद नव्हता. मग त्यांनी तो घेतला.

आठवडाभर चाचणी झाली. सगळं एकदम लावून, उन्हात, पंखा बंद ठेवून. हब हाताला कोमटही लागला नाही. खळदकरांनी वेळापत्रक काढून टाकलं, आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ अखंड पुरवठा असा कागद लावला. कुमुदताईंनी तीन दिवसांत एक कादंबरी संपवली, एकटीने. मला फोन करून खुनी कोण ते सांगितलं, आणि मी ती वाचलेली नव्हती.

त्या तीन दिवसांत खळदकर दुपारी चारच्या सुमारास तीनदा माझ्याकडे वर आले. एकदा माझं मीटर वाचून दाखवलं. एकदा मार्केट यार्डाच्या चुकीची आठवण करून दिली. तिसऱ्यांदा नुसता चहा घेतला.

पुढच्या सोमवारी त्यांच्या भिंतीवर नवा कागद होता. रोज दुपारी ४ ते ५, कॅमेरा बंद. कारण : तांत्रिक.

मी बेरीज केली. मागणी सतराशे, पुरवठा चार हजार. निम्म्याहून जास्त शिल्लक. "साहेब, तांत्रिक म्हणजे काय?" मी विचारलं. इतक्या वर्षांत आकडा न सांगता त्यांनी दिलेलं हे पहिलंच कारण होतं.

"देखभाल," ते म्हणाले आणि खिडकी लावायला उठले. ती लावलेलीच होती.

ते भाजीला गेले असताना मी कुमुदताईंजवळ विषय काढला. म्हटलं, त्या हबला विश्रांतीची गरज नाही, हवं तर मी साहेबांशी बोलतो.

"चाळीस वर्षं गणित शिकवलंय मी," त्या म्हणाल्या. "चार हजारांतून सतराशे मलाही वजा करता येतात. तुम्ही काही बोलू नका. ग्राहकाची तक्रार नाही."

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या एका कागदावर खळदकरांची सही हवी होती म्हणून मी साडेचारला खाली गेलो. कॅमेरा बंद होता. कुमुदताई डोळे मिटून खुर्चीत मागे रेलल्या होत्या. खळदकर स्टुलावर बसून वाचत होते, परिपत्रकासारखंच, पण एक हात त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर होता. त्यांनी मला खुणेने बसायला सांगितलं आणि वाचन चालू ठेवलं.

पाच वाजता माळी बागेचं पाणी सोडतो. खालून पंपाचा आवाज येऊ लागला. तो आम्ही तिघांनी ऐकला.

"पाच वाजले का हो?" कुमुदताईंनी डोळे न उघडता विचारलं.

खळदकरांनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

"नाही अजून," ते म्हणाले.

"मग वाचा पुढे."