पडद्यामागची माणसं

कुटुंबसंस्था टिकायची असेल तर घरातली निदान एक वस्तू धड चालता कामा नये. आमच्या घरी ही जबाबदारी संगणकाकडे आहे.

तो ऑल-इन-वन जातीचा आहे. म्हणजे पडदा, मेंदू, स्पीकर, कॅमेरा, सगळं एकाच अंगात. बाबा पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक. "वायरींचा पसारा नको," असा दूरदर्शी विचार करून त्यांनी तो फार वर्षांपूर्वी घेतला. पसारा खरंच झाला नाही. मात्र एकाला दुखलं की सगळ्यांनाच दुखतं, आणि दुरुस्तीवाल्याने शेवटच्या तपासणीत दिलेला अभिप्राय असा की, "पार्ट येणं बंद झालंय. आहे तसा सांभाळून घ्या." (लग्नात आपल्यालाही हेच सांगितलं होतं, असं आई म्हणते.)

सांभाळण्याची पद्धत ठरलेली आहे. मागची विजेची पिन सैल आहे, ती तिरकी दाबून धरावी लागते, नाहीतर यंत्र बंद पडतं. हे खातं बाबांकडे. यंत्र तापतं, म्हणून आई मागून पुठ्ठ्याने वारा घालते. बिजागरी गेल्यामुळे पडदा पुढे मान टाकतो, तो मी धरतो (मी धाकटा, नोकरीच्या शोधात, सबब सदैव उपलब्ध). आवाज पूर्ण वर जाऊन अडकलाय आणि इअरफोनच्या भोकात जुन्या वायरीचं टोक मोडून बसलंय, त्यामुळे जे ऐकायचं ते सर्वांनी ऐकायचं, भिंतीपलीकडच्या काकूंसह. एवढा बंदोबस्त केला की यंत्र उत्तम चालतं. नवीन घेऊ या असं ताई म्हणाली की बाबा मनापासून विचारतात, "याला काय झालंय?"

अशात ताईची मुलाखत ठरली. संगणकावरूनच द्यायची, अशी कंपनीची अट.

"सगळ्यांनी थांबायलाच हवं का?" ताईने चाचरत विचारलं.

"मग पिन कोण धरणार?" बाबा म्हणाले. त्यांनी त्यासाठी किरकोळ रजा टाकली होती.

ठरल्या वेळी जो तो आपापल्या जागी रुजू झाला. ताई पुढे, इस्त्रीच्या शर्टात. आम्ही तिघं पडद्यामागे, टेबल आणि भिंतीच्या मधल्या फटीत, जिथे एरवी फक्त धूळ राहते. पलीकडे कंपनीच्या एक बाई आणि एक गृहस्थ होते. त्यांचं साधं 'नमस्कार'ही जाहीर सभेसारखं घुमलं.

"तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?" बाईंनी विचारलं.

ताई विचारात पडली.

"पोटातलं सांगत नाही," आई पुटपुटली. आईचं पुटपुटणं बऱ्यापैकी लांब जातं.

"कोण बोललं?"

"घरात जरा काम चालू आहे," ताई म्हणाली. ते खरंच होतं.

बाकीचे प्रश्न बरे गेले. मग बाई म्हणाल्या, "आमचं शहर तुमच्यापासून चांगलंच लांब आहे. इथे येऊन राहावं लागेल, आणि सुरुवातीला सुट्टी फारशी मिळणार नाही. मागे फोनवर तुम्ही म्हणाला होतात, घरी सांगते. सांगितलंत?"

पुठ्ठा थांबला. आम्ही नोकरी गावातलीच धरून चाललो होतो. (ताई तसं कधी म्हणाली नव्हती. आम्हीही विचारलं नव्हतं.)

मागून ताईचं फक्त कपाळ दिसत होतं, आणि ते काही बोलत नव्हतं. मी बाबांच्या बोटांकडे पाहिलं. केसभर ढिलाई, आणि मुलगी घरातच राहिली असती. दोष यंत्रावर गेला असता. त्याच्या नावावर आधीच इतके होते की आणखी एकाने काही बिघडलं नसतं. बाबांचा अंगठा पांढरा पडला होता. आई त्यांच्याकडे बघत होती. तिला त्या क्षणी काय हवं होतं, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

"हॅलो? ऐकू येतंय ना?" यंत्र गरजलं.

बाबांनी घसा साफ केला आणि ते खास कार्यालयीन आवाजात म्हणाले, "सदर बाब घरच्यांना आत्ताच कळली आहे. हरकत नाही. पुढचं विचारा."

आई पुन्हा वारा घालू लागली, जरा जास्तच जोरात. ताईचं कपाळ हललं. ती रडत होती की हसत होती, हे मागच्या बाजूने कळण्याची सोय नाही.

"हे कोण?" गृहस्थांनी विचारलं.

"माझे बाबा," ताई म्हणाली. "त्यांनी धरून ठेवलंय, म्हणून मी तुम्हाला दिसतेय."

निवड झाली. आम्ही एकमेकांकडे बघतो न बघतो तोच भिंतीपलीकडून काकूंनी अभिनंदन केलं.

ताई आता सुट्टीच्या दिवशी तिकडून बोलते. तिला आमच्यापैकी कोणीच दिसत नाही, कारण तिघंही कामावर असतात. तिला समोरची रिकामी खुर्ची दिसते. खोलीत गळती आहे, साहेब तापट आहे, करमत नाही, करमायला लागलंय, असं सगळं ती त्या खुर्चीला सांगते. आम्ही मागून हुंकार देतो. मधूनच काकू सल्ला देतात.

तुमच्या घरी असला प्रकार नाही, याचा आनंद आहे. प्रत्येकाकडे स्वतःचं नवंकोरं यंत्र, प्रत्येकाच्या कानात स्वतःचा आवाज, आणि या खोलीतलं त्या खोलीत जात नाही. व्यवस्था अत्यंत आदर्श आहे. केवळ माहितीसाठी विचारतो: तुमच्याकडचं कोण निघायच्या तयारीत आहे?