एकेचाळिसावी वही

"एकही वही सुटणार नाही, बाई! दोन दिवसांत कपाट मोकळं करून देतो!" शाळेचे शिपाई मामा मुख्याध्यापिकाबाईंना छाती फुगवून म्हणाले, आणि शब्दाला जागले. तिथेच तर सगळा घोटाळा झाला!

झालं असं, की शाळेत कृत्रिम बुद्धिमत्ता येणार होती. मोठं धूड असेल, टेम्पोतून उतरवावं लागेल, म्हणून मामांनी सकाळीच दोन जाड दोर आणून ठेवले. ती आली संगणकाच्या सरांच्या जुन्याच संगणकात, मुकाट्याने. मामा दोर हातात घेऊन फाटकापाशी उभे ते उभेच!

तिचं काम म्हणजे मुलांच्या वह्या वाचायच्या, कोण कुठे अडतं ते हेरायचं आणि ज्याला त्याला झेपेल असा अभ्यास आखून द्यायचा. सुरुवात चौथीपासून. चौथीच्या जुन्या बाई पाच महिन्यांपूर्वी निवृत्त होऊन लेकीकडे परगावी गेल्या होत्या, पण मुलांच्या वह्यांनी भरलेलं त्यांचं कपाट तसंच होतं. एकेक पान स्कॅनरच्या काचेवर पालथं घालायचं आणि बटण दाबायचं, एवढंच मामांचं काम. त्यांनी चुलीत जळण सारावं तशी पानं सारली. वही कुणाची, आत काय, बघायला सवड कुणाला होती? सगळ्या वह्यांना बाईंनी स्वतःच्या हाताने घातलेली एकसारखी खाकी कव्हरं!

तिसऱ्या दिवशी सर धावत ऑफिसात आले. चष्मा डोक्यावर, आणि हात चष्मा शोधत खिशात.

"बाई, चौथीत मुलं किती?"

"चाळीस."

"यंत्र एकेचाळीस म्हणतंय. आणि एकेचाळीस नंबरच्या मुलाची..." सरांनी कागद पुढे केला. "बायको वारलीय!"

बाईंचा चहा बशीत सांडला.

"चौथीतल्या मुलाची?"

"स्वच्छ लिहिलंय, बघा. 'विद्यार्थी कष्टाळू. पत्नीच्या निधनाने खचलेला. आधाराची गरज.'"

"अहो, दहा वर्षांच्या पोराचं लग्न लावलं कुणी? हा अहवाल अजून कुणी पाहिला नाही ना?"

"वरच्या कार्यालयात आपोआप जातो, बाई. गेला."

दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभे असलेले मामा पाणी न देताच मागे सरले.

मामांना वाचता येत नव्हतं, हे शाळेला तीस वर्षांत कळलं नव्हतं. वर्गावर्गात नोटीस फिरवताना ते ती सुलटी धरायचे, कारण शाळेचा शिक्का वर असतो हे त्यांना ठाऊक होतं. घरी वाचायचं ते बायकोने. विजेचं बिल, लग्नपत्रिका, औषधाची बाटली, सगळं. चार वर्षांपूर्वी ती गेली, आणि घरातली सगळी अक्षरं एका दिवसात मुकी झाली. चौथीच्या बाईंनी ते ओळखलं. शाळा सुटल्यावर मामांना बाकावर बसवलं, एक वही दिली आणि कव्हरवर आकडा घातला, एकेचाळीस. "चाळीस सांभाळते, तुम्ही एक जड नाही," म्हणाल्या. मामांना अक्षरं जुळवता यायला लागली तेव्हा म्हणाल्या, "आता जिला सांगावंसं वाटतं तिला लिहा. मी चुका तेवढ्या बघेन. बाकी काही बघणार नाही." वही घरी न्यायची मामांना लाज वाटे. सून काय म्हणेल? म्हणून ती बाईंच्या कपाटातच राहिली.

आणि आता ती अख्ख्या शाळेपुढे उघडणार होती!

मुख्याध्यापिकाबाई तडक चौथीत गेल्या. "मुलांनो, घाबरू नका. तुमच्यापैकी कुणाचं लग्न झालंय का?"

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, माझ्या बाहुलीचं झालंय. दोनदा."

मागून कुणीतरी विचारलं, "बाई, लग्न झालं की गणितं माफ असतात का?"

मधल्या सुट्टीपर्यंत ही बातमी घरोघरी पोचली. फाटकाबाहेर पालकांची गर्दी! कुणी म्हणे, शाळा मुलांची लग्नं लावते. एक आजोबा तर मुलगी कुठली, एवढंच विचारत होते. वरून फोन आला, दोन अधिकारी उद्या सकाळी हजर होतील.

"आता एकच उपाय," बाई घाम पुसत म्हणाल्या. "सर, ती वही मोठ्याने वाचा. मजकुरावरून घर ओळखू."

सर पडद्यावरून वाचू लागले. "'अगं, आज मी औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचलं. तुझीच बाटली. अजून फळीवर आहे. एक चमचा सकाळी, एक रात्री...'"

"'...आणि मी तुला दोन्ही वेळा दोन देत होतो,'" दारातून आवाज आला. "'डॉक्टर म्हणाले, त्याने काही बिघडलं नाही. पण वाचता येत असतं, तर एकच दिला असता.'"

सगळे वळले. मामा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. पडदा त्यांना तिथून दिसत नव्हता.

"पोरांना विचारू नका, बाई," ते म्हणाले. "ते पोर मी आहे."

मग बाई उठल्या, स्वतः फाटकापाशी गेल्या आणि "यंत्राची चूक आहे, घरी जा" म्हणून पालकांना लावून दिलं. अधिकाऱ्यांनाही फोनवर तेच सांगितलं. मामांचं नाव कुठेच घेतलं नाही.

पण यंत्र ऐकेना! एकदा पटावर चढलेला विद्यार्थी ते उतरवायला तयार नव्हतं. त्याने एकेचाळीस नंबरला सूचना काढली. 'पाच महिन्यांपासून वही कोरी आहे. अभ्यास का थांबला? पालकाची सही आणावी.'

सर ओशाळून म्हणाले, "मामा, सही भरल्याशिवाय हे पान बंदच होत नाही."

"मी करू का?" बाईंनी हळूच विचारलं.

"नको बाई. मी बघतो."

साठीला आलेल्या माणसाचा पालक आणायचा कुठून? आई-वडील कधीच गेलेले, शिकवणाऱ्या बाई परगावी. मामा कागद घेऊन चौथीच्या रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले. पालकाच्या जागी त्यांनी बायकोचं नाव लिहिलं, अक्षर न अक्षर जपून. नाते या रकान्यात लिहिलं, 'बायको'. सरांनी काही न विचारता कागद यंत्राला भरवला.

दुसऱ्या दिवशी घंटा देऊन मामा परत आले, तर सर उत्तराचा कागद पाठीमागे लपवत होते.

"द्या इकडे, सर. आता वाचता येतं मला."

मामांनी ओळीखाली बोट धरून वाचलं. 'विद्यार्थ्याच्या प्रगतीसाठी पालकांशी बोलणे आवश्यक. पालकांना तातडीने शाळेत बोलवावे.'

मामांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"याला सांगा, सर," ते म्हणाले, "चार वर्षं तेच करतोय."