मोटारखोलीच्या कुलपाची मोहीम

परगणे सेनगाव येथे जो थोर रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत पदरचे तिखटमीठ न लावता, जैसी घडली तैसी लिहिली असे.

कार्तिकमासी राजश्री संतरामराव, तीन एकर तुरीचे धनी, पाणी सोडावयास शेतावर दाखल जाहले. तूर ऐन फुलोऱ्यात, वीज सरकारच्या मर्जीने दहा ते चार, आणि हे पाणी चुकले तर फूल गळोन वर्षाची मेहनत मातीत जाणार, या धास्तीने रावांस रात्रभर झोप नव्हती. मग मोटारखोलीचे कुलूप उघडू जाता पाहतात तो किल्लीच्या भोकास ओली माती, आणि त्यावर बारीक कमरेची एक माशी ठाण मांडून बैसलेली! रावांनी ती गांधीलमाशी समजोन, मागे फौज असेल ऐसी अटकळ बांधली आणि दहा कदम पळ, नव्हे, युक्तीने माघार घेतली.

मग फटफटीवरचे हेल्मेट डोईस आणि रेनकोट अंगी चढवोन, मोबाईलात पाहिल्या विद्येप्रमाणे गोवऱ्यांचा धूर दिला. धुराने माशी मऊ पडते हे खरे. परंतु ती मोहोळाची, जी धूर पाहोन पोटभर मध पिते आणि जड होते. हिच्यापाशी ना मध ना मोहोळ. ती घटकाभर उडोन गेली आणि हिरवी अळी घेऊन पुन्हा कामावर रुजू जाहली. राव मात्र खोकत खोकत पाटात पडले. ऐसे तीन हल्ले फुकट गेले आणि दोन वाजले.

तो कुटुंब शालूबाईसाहेब भाकरी घेऊन पातल्या. त्यांचे फर्मान जाहले, "आवो, काहून तिच्या मागं लागून राहिले? कुंभारीण हाय ती, मातीचं घर बांधते. एकटीच आस्ते, फौजबिज काई न्हाई. तुमच्याच तुरीतल्या अळ्या लेकरांसाठी कोंडून राहिली. तुमी फवारून थकले, ती फुकट करून राहिली!"

रावांनी अर्ज केला, "मंग कुलूप कसं उघडावं?"

"कुलूप काहून? दाराचा कोयंडा काढा की."

मग पेचकसाने कोयंडा सोडविला, कुलूप चौकटीस लटकतेच राहिले, मोटार सुरू जाहली, आणि चार वाजेतो पाणी शेवटच्या ओळीस पोचले. रावांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले, धुराचेही असतील.

मग तह जाहला तो ऐसा: कुलूप कुंभारणीस इनाम, पिले उडोन जाईतो कोणी हात लावू नये, आणि दारास कुलूप नाही, मोटार चोरीस जाईल, सबब विजयी संतरामरावांनी जातीने दाराशी बाज टाकोन चौकी करावी. ऐसी फत्ते जाहली. राव पहाऱ्यावर रुजू असेत.